डिप्लोमा-डिग्रीनंतर बेळगावात वर्षभर अप्रेंटिस: जाण्याआधी आणि गेल्यावर

निकाल लागले की खानापूर, निपाणी, चिकोडी, चंदगडकडच्या पोरापोरींचे प्रश्न ठरलेले असतात. अप्रेंटिस म्हणून वर्ष घालवावं की सरळ पुणे गाठावं? स्टायपेंडमध्ये भागतं का? वर्ष संपलं की पर्मनंट करतात का? मेकॅनिकल डिप्लोमा करून मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हे वर्ष काढलं. तिथं एका बाजूला फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा विभाग) होती आणि दुसऱ्या बाजूला मशीन शॉप. त्या अनुभवावरून क्रमानं लिहितोय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. करारात तसं लिहिलेलं नसेल, तर वर्ष संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन १९६१च्या अप्रेंटिस कायद्यानं कंपनीवर घातलेलं नाही. दिली तर उत्तम, पण तेवढ्या आशेवर वर्ष ढकलू नका. एखादी वस्तू कच्च्या मालापासून गाडीत भरेपर्यंत कुठंकुठं बिघडू शकते, ते पगारी माणूस झाल्यावर कुणी फिरवून दाखवत नाही. अप्रेंटिसला ते बघायची मुभा असते. या वर्षाचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो.

१. कारखाना निवडताना

बेळगाव म्हणजे आधी फाउंड्री. उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा या पट्ट्यात ओतकाम आणि मशीनिंगचे लहान-मोठे कारखाने दाटीनं आहेत. हायड्रॉलिक्सचे (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे) पंप, व्हॉल्व्ह, पॉवर पॅक बनवणारेही बरेच. हुक्केरी तालुक्यात हायवेला लागून हत्तरगीला एरोस्पेसचा सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे. हिंदाल्कोचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना शहरातच आहे. चिकोडी, अथणी, रायबागकडे साखर कारखाने. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की वेंगुर्ला रस्त्यावर शिनोळीची एमआयडीसी, आणि निपाणीवाल्यांना तर बेळगावपेक्षा कागल, गोकुळ शिरगावच जवळ.

घरचे म्हणतात, मोठ्या नावाच्या कंपनीत जा. माझं मत थोडं वेगळं आहे. मोठ्या ठिकाणी शिस्त शिकायला मिळते, कागद कसा लिहावा ते कळतं, पण तिथं वर्षभर तुम्ही एकाच ऑपरेशनवर अडकण्याची भीती जास्त. ओतकाम आणि मशीनिंग एकाच आवारात असलेला मध्यम कारखाना मिळाला तर तो घ्या. तिथं सकाळी ओतलेला जॉब (म्हणजे बनवायचा भाग) चार दिवसांनी लेथवर चढलेला दिसतो, आणि फाउंड्रीवाले व मशीनवाले चूक कुणाची यावर भांडतात ते ऐकायला मिळतं. त्या भांडणात अर्धा अभ्यासक्रम असतो.

साखर कारखाना मिळत असेल तर नाक मुरडू नका. गळीत हंगामात मिल, बॉयलर, टर्बाइन चालू बघायला मिळतात आणि हंगाम संपला की तीच यंत्रं उघडून पसरलेली दिसतात. वर्षभराच्या अप्रेंटिसला दोन्ही गोष्टी सापडतात. सहा महिन्यांच्या इंटर्नला एकच.

२. अप्रेंटिस की नुसता ट्रेनी?

जाहिरात तरुण भारतमध्ये येवो, व्हॉट्सअ‍ॅपवर येवो, की कुणी ओळखीचा सांगो, पहिला प्रश्न एकच विचारायचा: "सर, करार नॅट्सच्या पोर्टलवर होणार का?"

नॅट्स म्हणजे केंद्राच्या शिक्षण खात्याची अप्रेंटिस योजना, पदवी आणि डिप्लोमावाल्यांसाठी. आयटीआयवाल्यांची योजना वेगळी, तिचं पोर्टलही वेगळं. पोर्टलवर करार झाला तर तुम्ही कायद्यानं अप्रेंटिस. नाहीतर कंपनी तुम्हाला "ट्रेनी" म्हणते आणि बऱ्याचदा ठेकेदारामार्फत हेल्परचं काम करून घेते. ट्रेनीचं काम सरसकट वाईटच असतं असं नाही, पण शेवटी हातात सरकारी प्रमाणपत्र पडत नाही.

२०१९च्या नियमांप्रमाणे किमान स्टायपेंड पदवीधराला महिना ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० रुपये होता. हे आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना पोर्टलवर चालू आकडा बघा. किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं आणि तो थेट तुमच्या खात्यात येतो. हा वाटा कधीकधी उशिरा येतो, तेव्हा पहिले दोन-तीन महिने कंपनीच्याच वाट्यावर भागवायची तयारी ठेवा.

सीमाभागातल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. कर्नाटकातले कारखाने चेन्नईच्या प्रशिक्षण मंडळाखाली येतात आणि महाराष्ट्रातले मुंबईच्या. म्हणजे बेळगावात राहून शिनोळीला गेलात तर प्रमाणपत्र मुंबई मंडळाचं. अडचण आली तर कुणाला लिहायचं ते तुमच्या घरच्या पत्त्यावर ठरत नाही, कारखाना कुठल्या राज्यात आहे त्यावर ठरतं.

३. कागदपत्रं: नावाचा घोळ आधी निस्तरा

आधार, दहावीचं मार्क्स कार्ड, सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, आधारशी जोडलेलं बँक खातं, फोटो. यादी छोटी आहे. घोळ असतो तो नावात.

आपल्याकडं एकाच पोराचं नाव एसएसएलसीच्या (दहावीच्या) कार्डावर "परशुराम", आधारवर "परशराम" आणि बँकेत नुसतं "पी. के. पाटील" असतं. मराठी शाळेतल्या दाखल्यावरून कुणी कानडीत टाइप केलं, कानडीवरून कुणी इंग्रजीत उतरवलं, आणि वाटेत एखादा स्वर गळाला नाहीतर चिकटला. कुठं आडनाव आधी, कुठं वडिलांचं नाव गायब. पोर्टलला हे चालत नाही आणि सरकारी वाटा अडकतो तो बहुतेकदा इथंच. दहावीच्या कार्डावरचं नाव मूळ धरा आणि आधार व बँक त्याप्रमाणं करून घ्या. शेवटच्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच हे काम उरका, निकालानंतर आधार केंद्रावर रांग लागते. जुन्या कागदांवर "बेलगाम" आणि नव्यांवर "बेळगावी" असेल तर त्याची काळजी नको. शहराचं नाव नोव्हेंबर २०१४पासून अधिकृतपणे बदललंय, हे सगळ्या कार्यालयांना माहीत आहे.

४. राहणं आणि येणं-जाणं

उद्यमबागेत काम असेल तर अनगोळ, भाग्यनगर, वडगाव, टिळकवाडी या बाजूला खोली बघा. दोघा-तिघांनी मिळून घेतली आणि खानावळ लावली तर स्टायपेंडमध्ये भागतं, उरत काही नाही. खानापूरहून रोज येणारे पुष्कळ आहेत. फक्त दुसरी शिफ्ट सुटल्यावर परतीची गाडी आहे का, ते रुजू होण्याआधी बघून ठेवा.

मुलींना कर्नाटकच्या साध्या बसमध्ये २०२३पासून शक्ती योजनेत तिकीट लागत नाही, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं. चंदगडच्या मुलींना ते लागू नाही. त्यांना महाराष्ट्राच्या एसटीत हद्दीपर्यंत निम्मं तिकीट. शिनोळीला किंवा कोल्हापूरकडं जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बस हद्दीवर थांबतात. तशा दिवशी कुणाच्या गाडीवर जायचं ते आधीच ठरवून ठेवा, आणि सुपरवायझरला सकाळीच फोन करा.

५. पहिले दिवस: कपडे, बूट, भट्टी

सेफ्टी शूज कंपनी देते. तोवर चप्पल घालून शॉपमध्ये जाऊ नका, कुणी म्हटलं "चालतंय की" तरी. फाउंड्रीत सुती कपडेच घाला. पॉलिस्टरच्या शर्टावर वितळलेल्या लोखंडाचा थेंब पडला तर कापड वितळून कातडीला चिकटतं. ड्रिलिंग मशीन किंवा लेथवर हातमोजे घालू नका, फिरत्या जॉबमध्ये मोजा अडकला की हातही ओढला जातो. नवख्याला हे उलटं वाटतं, त्याला मोजे म्हणजे सुरक्षा वाटते.

भट्टीजवळची सगळ्यात मोठी भीती पाण्याची. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. वितळलेल्या लोखंडाखाली ओला भंगाराचा तुकडा गेला तर ती वाफ लोखंड उडवूनच बाहेर येते. बेळगावचा पावसाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर उघड्यावर पडलेलं भंगार ओलं असतं, म्हणून चांगल्या कारखान्यात ते सुकवून मगच भट्टीत टाकतात आणि लॅडलही (वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं) तापवून घेतात. तुमच्या कारखान्यात तसं करत नसतील तर भट्टीच्या फलाटापासून लांब उभं राहा. लाजायचं कारण नाही.

६. खाती बदलून मागा, आणि रिजेक्शनच्या ढिगापाशी उभे राहा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तुम्हाला कुठंतरी चिकटवतात. बहुतेकदा जिथं माणूस कमी असतो तिथं. तिथं मन लावून काम करा, पण महिना व्हायच्या आत एका कागदावर वर्षाचा आराखडा लिहून सुपरवायझरला द्या: वाळू आणि मोल्डिंग (साचे बनवणं), कोर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा), भट्टी, फेटलिंग (ओतलेल्या जॉबची साफसफाई), मशीन शॉप, क्वालिटी, डिस्पॅच. प्रत्येक खात्याला किती आठवडे, तेही लिहा. तोंडी मागितलं तर "बघू" म्हणतात. कागद दिला तर तो फाइलला लागतो आणि कुणीतरी त्यावर सही करतं. पोर्टलवरच्या करारातही प्रशिक्षणाचा कार्यक्रम असतोच, त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

वाळूच्या खात्याला पोरं कंटाळतात. धूळ, घाम, आणि बघायला काही नाही असं वाटतं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओलावा साधारण तीन ते चार टक्के लागतो. लॅबमध्ये तो यंत्रावर मोजतात, पण आमचे मेस्त्री मिक्सरमधली मूठभर वाळू उचलून आवळायचे आणि तो गोळा मधोमध मोडायचे. कडा धारदार राहिल्या की वाळू बरी, भुगा झाला की पाणी कमी, बोटांना चिकटली की जास्त. एकदा पावसाळ्यात गोळा मोडून म्हणाले, "पाणी जास्त झालंय बघ. परवा मशीनवाले बोंबलत येणार." आणि आले. पहिला कट घेतल्या घेतल्या जॉबच्या पोटात ब्लो होल (वायूनं पडलेली भोकं) उघडे पडले होते. वाळूतल्या जादा पाण्याचा वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर तो लोखंडातच अडकतो. पुस्तकातली ही ओळ त्या दिवशी मशीन शॉपच्या टेबलावर दिसली. सीओटू वायूनं घट्ट केलेले कोर पावसाळ्यात दमट हवेत पडून राहिले की मऊ पडतात, हेही तेव्हाच कळलं.

भट्टीवर गेलात की वेज टेस्टचा तुकडा मोडताना बघा. ओतायच्या आधी छोटा पाचरीसारखा तुकडा ओततात, गार करून हातोड्यानं मोडतात आणि टोकाकडची पांढरी पट्टी किती खोल आहे ते बघतात. पट्टी जास्त असेल तर लोखंड कडक होणार, मशीनवर इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं धारेचं टोक) खाणार. भट्टीवाला मग काय करतो, फेरोसिलिकॉन (ती पट्टी कमी करणारी भर) किती आणि कधी टाकतो, ते वहीत लिहा. स्पेक्ट्रोचा (लोखंडातले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट येईपर्यंत त्याला थांबता येत नाही, म्हणून त्याचा डोळा तयार झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कारखान्यात एक लाल रंगाची जागा असते, रिजेक्शनची. तिथं रोज अर्धा तास द्या. एक नापास कास्टिंग (ओतलेला जॉब) उचला. त्यावर हीट नंबर (भट्टीच्या एका घाण्याचा क्रमांक) किंवा तारखेची खूण असते. ती घेऊन मागं जा: त्या दिवशीची भट्टीची नोंदवही, ओतताना तापमान किती होतं, वाळूचे आकडे काय होते, कुठली शिफ्ट होती. शेजारी त्याच हीटचे पास झालेले जॉब किती, तेही बघा. एकाच साच्याच्या एकाच कोपऱ्यात दोष येत असेल तर संशय पॅटर्नवर (साचा घेण्याच्या नमुन्यावर) किंवा गेटिंगवर (लोखंड आत जायच्या वाटांवर). एका दिवसाच्या सगळ्याच जॉबमध्ये असेल तर वाळूवर नाहीतर भट्टीवर. हे करायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त वेळ लागतो. पुढं मुलाखतीत "काय शिकलात?" असं विचारलं की बाकीचे सीएनसीचे कोड पाठ म्हणतात. तुम्ही एका ब्लो होलचा माग कसा काढला ते सांगा.

७. मोजायला शिका, घाई न करता

मशीन शॉपमध्ये व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात येतात. कॉलेजात वाचून दाखवलेलं रीडिंग वेगळं आणि ऑपरेटर टेबलावर जॉब आपटून "किती?" विचारतो तेव्हाचं वेगळं. आधी अँव्हिल (मायक्रोमीटरचं स्थिर टोक) पुसा, शून्य बघा, रॅचेटनंच (दाब बेताचा ठेवणाऱ्या मुठीनं) आवळा, आणि दोन जागी मोजा.

हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात गेलात तर स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) आणि बोअर (त्याचं भोक) यांच्यामधली फट पाच-दहा मायक्रॉनची असते. पोलादाचा १०० मिलिमीटरचा तुकडा दहा अंशांनी तापला तर साधारण ११ ते १२ मायक्रॉननं लांबतो. म्हणजे मशीनवरून गरम उतरलेला जॉब लगेच मोजला तर आकडा खोटा. जुने ऑपरेटर जॉब बाजूला ठेवून चहा घेऊन येतात, तेव्हा ते कामचुकारपणा करत नसतात.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सुट्टी टाकू नका. पूजेसाठी मशीन धुवायला काढतात, कव्हरं उघडतात. एरवी न दिसणारे बॉलस्क्रू, वायपर, टर्रेटची रचना त्या दिवशी उघडी असते, आणि मेंटेनन्सचे लोकही खुशीत असतात. विचारलं की सांगतात.

८. माणसं आणि भाषा

शॉपमध्ये मराठी, कानडी, हिंदी एकाच वाक्यात चालते. खानापूर-बेळगावच्या पोरांना कानडी थोडीफार येतेच. चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी निदान कामापुरते शब्द पाठ करावेत: निल्लिसि (थांबवा), बिडी (सोडा), स्वल्प (थोडं), एष्टु (किती). क्रेनखाली उभं असताना "निल्लिसि" कळलं नाही तर पंचाईत होते. वयस्कर कामगाराला मराठीत मामा किंवा काका, कानडी माणसाला अण्णा. इंजिनिअरला सर, मॅडम. शिकलेला म्हणून मेस्त्रीला "अरे" कराल तर वर्षभर तो तुम्हाला काही दाखवणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

डब्याच्या वेळी सीमाप्रश्नावर वाद रंगतात. मत असू द्या, पण भट्टीवर ज्याच्या हातात तुमच्या बाजूची लॅडल आहे त्याच्याशी तो वाद घालायची ती जागा नव्हे.

९. राबवून घेत असतील तर

माझ्या बॅचमधल्या एकाला त्याच्या कारखान्यात महिनोन् महिने फक्त पॅकिंगवर ठेवलं आणि वर रोज जादा थांबवलं. कायद्यात स्पष्ट आहे की अप्रेंटिस सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइमला लावता येत नाही. त्यानं भांडण केलं नाही. हजेरीच्या नोंदी वहीत तारीखवार उतरवल्या, कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसरना दाखवल्या आणि त्यांच्याकडून एचआरला ईमेल करवलं. पुढच्या महिन्यात त्याला क्वालिटीत हलवलं. ईमेलनं काम झालं नसतं तर पुढची पायरी मंडळाकडं लेखी तक्रार. कामावर इजा झाली तर भरपाई मिळण्याची तरतूद अप्रेंटिसलाही आहे, म्हणून छोटी जखम झाली तरी फर्स्ट एडच्या रजिस्टरमध्ये नोंद करूनच घरी जा.

१०. शेवटचे दोन महिने

दहाव्या महिन्यापासून तीन कामं सुरू करा. पहिलं, पोर्टलवर तुमची हजेरी आणि प्रशिक्षणाच्या नोंदी कंपनीनं भरल्यात का, ते एचआरकडं विचारा. त्या अर्धवट राहिल्या तर प्रमाणपत्र रखडतं, आणि तुम्ही बाहेर पडल्यावर तुमचा फोन कुणी उचलत नाही. दुसरं, रिजेक्शनच्या अभ्यासातलं एखादं प्रकरण चार पानांत लिहून सुपरवायझरची सही घ्या. ड्रॉइंग आणि गिऱ्हाइकाचं नाव त्यात टाकू नका, ते कंपनीचं आहे. तिसरं, नोकरीचं विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. वर्षअखेरीस जागा भरलेल्या असतात.

ऑफर दिली तर पद, पगार, प्रोबेशन किती आणि पीएफ कधीपासून, हे लेखी घ्या. अप्रेंटिस असताना पीएफ, ईएसआय लागू नसतात, कामगार झालात की लागतात, म्हणून हातात येणारा पगार बोललेल्यापेक्षा कमी दिसेल. ऑफर नाही आली तर कंपनीचं अनुभवपत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह, दोन प्रतींत घ्या आणि त्यावर तुम्ही फिरलेल्या खात्यांची नावं घालायला सांगा. प्रमाणपत्र हाती आलं की नावातला स्वर न् स्वर दहावीच्या कार्डाशी ताडून बघा, चूक असेल तर त्याच आठवड्यात एचआरमार्फत मंडळाला कळवा.